युक्रेन उलटी मुसंडी मारून गेलेली जमीन सोडवू शकतो का? आमच्या चहाच्या गाड्यावर पैज लागलीय

अनगोळचा_पप्या

नमस्कार मंडळी, विषय लांबचा आहे खरं आमच्यात त्याच्यावरनं भांडण व्हायची वेळ आलीय म्हणून इथं टाकालोय. संध्याकाळी बेळगावात अनगोळला चहाच्या गाड्यावर आमची चार-पाच टाळकी असतात. त्यातला एक अग्निवीरची तयारी करतोय, पहाटे व्हॅक्सिन डेपोवर पळतो आणि संध्याकाळी आम्हाला युद्धशास्त्र शिकवतो. त्याचं म्हणणं, जो स्वतःच्या मातीसाठी लढतो तो आज ना उद्या उलटून मारतोच, बाहेरनं आलेल्याला किती दिवस दम निघणार. दुसरा आमचा मेकॅनिक दोस्त, तो म्हणतो जमीन एकदा गेली की गेली, घुसलेला माणूस खड्डे खणून बसला की त्याला उठवणं कुणाच्या बापाला जमत नाही, इथं साधा भाडेकरू उठत नाही आणि रशिया उठतोय होय. पैज एक किलो कुंद्याची, आपल्या बेळगावच्या मिठाईची. आणि निकाल मी द्यायचा, का म्हणशील तर मी यूट्यूबवर सगळ्यात जास्त बघतो म्हणे.

आता माझी अडचण बघा. २०२२ च्या सप्टेंबरात युक्रेननं खारकिवकडं अशी मुसंडी मारली की बालाक्लिया, कुप्यान्स्क, इझ्युम सगळं चार-पाच दिवसांत परत, रशियन लोक रणगाडे तिथंच टाकून पळाले. नोव्हेंबरात खेरसोन पण सोडवलं. तवा वाटलं झालं, आता हे रशियानं २०१४ ला घेतलेल्या क्रिमियापर्यंत जातात. मग २०२३ ला जर्मनीचे लेपर्ड रणगाडे आले, अमेरिकेच्या ब्रॅडली चिलखती गाड्या आल्या, परदेशात ट्रेन केलेल्या नव्या ब्रिगेड आल्या आणि जूनमध्ये अटॅक सुरू केला तर पहिल्याच आठवड्यात लेपर्ड आणि ब्रॅडली एकाला एक चिकटून जळालेल्या दिसायला लागल्या. देश तोच, सैन्य तेच, उलट सामान जास्त. मग असं का झालं? "रशिया मोठा देश आहे" एवढं उत्तर नको, २०२२ ला पण तो तेवढाच मोठा होता की वो. आणि पुढं कधी जमणार का ते पण सांगा. इथं बरेच माजी सैनिक आहेत म्हणून मुद्दाम विचारालोय.

खडेबाजार_रिटर्न्स

आपला सीमाप्रश्न १९५६ पासून चाललाय, ८६५ गावं अजून तारखेची वाट बघतात, आणि तू युक्रेनच्या जमिनीचा निकाल चहाच्या गाड्यावर लावालास. कुंदा मात्र मला पण पाठव.

सॅपर_कडोली

पप्या, प्रश्न चांगला विचारलायस. मी बॉम्बे सॅपर्समध्ये २४ वर्षं काढली, खडकीला ट्रेनिंग, त्यामुळं मी माझ्या बाजूनं सांगतो, बाकीचं राजकारण मला कळत नाही.

तू म्हणतोस सैन्य तेच. सैन्य तेच होतं, समोरची जमीन ती नव्हती. खारकिवच्या वेळी काय झालं होतं ते आधी बघ. पूर्ण उन्हाळाभर युक्रेन ओरडून सांगत होता की आम्ही खेरसोन घेणार, खेरसोन घेणार. रशियानं आपली चांगली चांगली पलटणी उचलून तिकडं नेली. मागं खारकिवच्या बाजूला उरलं कोण, तर पूर्व युक्रेनातल्या डोनबासमधनं जबरदस्तीनं भरती केलेले लोक, आणि बालाक्लियात तर रोसग्वार्दिया म्हणजे आपल्याकडच्या राखीव पोलिसांसारखी पथकं. नफरी म्हणजे माणसंच नव्हती. पहिली ओळ फुटली आणि मागं दुसरी ओळच नाही. अशा ठिकाणी घुसलं की शूर असो नसो, गाडी पळतीच राहते. समोरच्याला नफरी कमी पडली हे कशावरनं, तर त्यानंतर दोन आठवड्यांत २१ सप्टेंबरला पुतिननं तीन लाख माणसं बोलवायचा हुकूम काढला.

खेरसोन वेगळं. तिथं रशियाची चांगली माणसं होती खरं त्यांच्या पाठीमागं निप्रो नदी, आणि नदीवर मोजून एक-दोन पूल. युक्रेननं हायमार्स रॉकेटनं अंतोनिवका पूल असा फोडत ठेवला की दारूगोळा आणि डिझेल नदीच्या अल्याड यायचं बंद होत आलं. शेवटी रशियानं ९ नोव्हेंबरला जाहीर करून माघार घेतली आणि ११ ला युक्रेनी सैन्य शहरात आलं. म्हणजे बघ, तिथं ओळ फोडलीच नाही, ओळीचं जेवण बंद केलं.

आता २०२३. खेरसोन सुटलं नोव्हेंबर २०२२ ला आणि पुढचा मोठा अटॅक सुरू झाला जून २०२३ ला. मधले सात महिने. लेपर्ड द्यायचा निर्णयच जानेवारीच्या शेवटाला झाला, मग ट्रेनिंग, मग सामान पोचणं, मग चिखल वाळायची वाट. तिकडं या सात महिन्यांत रशियन सॅपर काय करत होते? खणत होते. मी सॅपर आहे म्हणून सांगतो, मला कुणी सात महिने आणि जेसीबी दिले तर मी अनगोळपासून येळ्ळूरपर्यंत उंदीर पण जाऊ देणार नाही. पुढं सुरुंग, मग रणगाडे अडवायचा चर, मग काँक्रीटचे दात, मग खंदक, त्याच्या मागं परत सुरुंग, आणि सगळं मागनं तोफेच्या नजरेखाली.

सुरुंग म्हणजे काय हे पिक्चर बघून कळत नाही. ट्रेनिंगला आम्ही पोटावर पडून प्रॉडरनं म्हणजे एका टोकदार सळीनं जमीन तिरकी टोचत जायचो, टोच, थांब, हातानं माती बाजूला कर, परत टोच, मागं पांढरी टेप सोडत यायचं. जूनच्या उन्हात घामानं डोळे चुरचुरायचे आणि उस्ताद मागनं ओरडायचा की घाई झाली तर घरी तार जाईल. ते डमी सुरुंग होते आणि वरनं कुणी गोळी मारत नव्हतं. आता तेच काम कर आणि वर ड्रोन उभा आहे, तो तुझा फोटो तोफखान्याला पाठवालाय.

मशीन नाहीत का, आहेत. रणगाड्यापुढं रोलर नाहीतर नांगर लावतात, आमच्याकडं ट्रॉल म्हणतात. रॉकेटनं स्फोटकांची नळी फेकून वाट पाडायचं साधन पण आहे, अमेरिकन नळी एका फटक्यात साधारण १०० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद वाट करते. ऐकायला झकास वाटतं. खरं युक्रेनचे त्या वेळचे सेनापती झालुझ्नी यांनी नंतर लिहिलं की काही दिशांना सुरुंगपट्टे १५-२० किलोमीटर खोल होते. आता १०० मीटरच्या नळ्या किती लागतील ते तूच मोज. त्यात रशियन लोकांनी एकावर एक दोन-दोन तीन-तीन सुरुंग रचलेले, म्हणजे ट्रॉलचाच चुराडा व्हावा. आणि रात्रीत वाट केली तर सकाळी लांबनं रॉकेटनं परत नवे सुरुंग पेरायचे, त्या रशियन गाडीचं नाव झेमलेदेलिये, त्याचा अर्थ होतो शेती. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं.

वाट ८ मीटर म्हटल्यावर सगळ्या गाड्या एकामागं एक जाणार. पहिली थांबली की मागची बाजूला सरकते आणि सुरुंगावर चढते. तू बघितलेला तो लेपर्ड-ब्रॅडलीचा गोळा, माला तोकमाच्काजवळचा, असाच झालाय. वरनं रशियाची केए-५२ हेलिकॉप्टरं आठ-दहा किलोमीटरवरनं मिसाइल मारत होती आणि युक्रेनकडं पुढच्या फळीत त्यांना पाडायला पुरेसं काही नव्हतं. ड्रायव्हर वाईट नव्हते आणि रणगाडा पण वाईट नव्हता, उलट ब्रॅडलीतनं बरेच जवान जिवंत बाहेर आले, आपल्या जुन्या बीएमपी चिलखती गाडीतनं आले नसते.

अनगोळचा_पप्या

काका एक नंबर. म्हणजे ठरवलं होतं कुठपर्यंत आणि पोचले कुठं? नकाशात मला काय अंदाज येईना.

सॅपर_कडोली

बेळगावच्या भाषेत सांगतो. ओरिखिवहून निघायचं, तोकमाक घ्यायचं, मग मेलिटोपोल आणि पुढं अझोव्ह समुद्र, म्हणजे क्रिमियाकडं जाणारा रशियाचा जमिनीवरचा रस्ता तुटला. ओरिखिव ते मेलिटोपोल साधारण इथनं हुबळी. ऑगस्टच्या शेवटी रोबोटिने गाव घेतलं, ते दहा-बारा किलोमीटरवर. म्हणजे हुबळीला निघालेली वरात तीन महिन्यांत आपल्या गावाबाहेरच्या सुवर्णसौधापर्यंत, त्या विधानसभेच्या इमारतीपर्यंत पोचली आणि तिथंच बसली.

खडेबाजार_रिटर्न्स

सुवर्णसौधापर्यंत जाऊन तिथंच बसायची सवय आपल्या सगळ्या पक्षांना आहे.

खानापूरची_वैदेही

मी सहसा अशा धाग्यावर लिहीत नाही पण खारकिवचं नाव आलं म्हणून. माझा भाऊ तिथं मेडिकलला होता, तिसऱ्या वर्षाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आठवडाभर तळघरात होता. १ मार्चला आपल्या कर्नाटकातला एक मुलगा तिथं बाहेर पडला असताना गेला, ती बातमी टीव्हीवर आली तेव्हा आईनं जेवण सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी दूतावासाचा मेसेज आला की खारकिव लगेच सोडा, गाडी मिळत नसेल तर चालत निघा, पेसोचिन ११ किलोमीटर. भाऊ चालतच गेला, एका पाठपिशवीवर. आम्ही इथं फोनची बॅटरी वाचव म्हणून त्याला फोन पण करत नव्हतो.

सप्टेंबरात युक्रेननं ती सगळी बाजू सोडवली तेव्हा त्यानं त्याच्या घरमालकिणीला व्हिडिओ कॉल केला, ती म्हातारी रडतच होती. तेव्हा आम्हाला वाटलं आता तिथं शांत झालं. पण खारकिव सीमेपासून ३०-४० किलोमीटरवर आहे, शत्रूला सीमेपलीकडे ढकलला तरी तो तिथून मारतोच. साध्या तोफांचा मारा कमी झाला, मग मिसाइल आली, २०२४ ला तर विमानातून सोडलेले ग्लाइड बॉम्ब शहरावर पडायला लागले. मुलांच्या शाळा मेट्रो स्टेशनात भरतात. म्हणून मला तुमच्या पैजेतलं "सोडवली" म्हणजे नक्की काय ते विचारायचंय. नकाशावरचा रंग बदलला की सोडवली का?

भाऊ आता दुसऱ्या देशातून डिग्री पूर्ण करतोय, बरा आहे.

अनगोळचा_पप्या

ताई, हे आमच्या पैजेत धरलंच नव्हतं. भाऊ सुखरूप आला हे बरं झालं.

मास्तर_नंदगड

सॅपर साहेबांनी मुळाशी हात घातला आहे. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे माझा मोर्चा आपोआप तिकडे वळतो, सहन करा.

तुमच्या अग्निवीर मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. मातीसाठी लढणारा माणूस हार मानत नाही, पण हार न मानणं आणि जमीन परत घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाला वेळ साधावी लागते. आपल्याकडे सगळे उठसूट गनिमी कावा म्हणतात, पण पुरंदरच्या तहानंतर महाराजांनी काय केलं ते बघा. १६६५ ला २३ किल्ले दिले. चीड नव्हती का? होती. पण दुसऱ्याच वर्षी धडक मारायला गेले नाहीत. मोगलांचं दख्खनमधलं बळ आणि एकोपा ढिला पडेपर्यंत थांबले आणि १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगडापासून सुरुवात करून काही महिन्यांत बहुतेक किल्ले परत घेतले. तानाजी पडले ते आपण पोवाड्यात ऐकतो, पण मधली साडेचार वर्षं पोवाड्यात येत नाहीत. खारकिवची मुसंडी ही या जातीची, समोरचा पोकळ झालाय हे ओळखून मारलेली.

दुसरं उदाहरण तर आपल्याच राज्यातलं. १६९५ ला संताजी घोरपड्यांनी चित्रदुर्गाकडे दोड्डेरीला कासिमखानाला कोंडलं. आधी पुढं पाठवलेलं सामानसुमान लुटलं, मग फौज गढीत शिरली आणि आत खायला नाही. कासिमखान तिथेच मेला. आता यात भिंत फोडण्याचा प्रश्नच आला नाही, खेरसोनला निप्रोवरचा पूल फोडला तसंच. आणि उलट बाजूनं औरंगजेब बघा, २५-२६ वर्षं दख्खनमध्ये बसून एकेक किल्ला वेढा घालून घेत होता. एवढी मोठी बादशाही, पण एकेका गडाला महिने. तटबंदीमागे बसलेल्याला उठवायला जो निघतो त्याची दमछाक होते, मग तो घुसखोर असो की घराचा मालक. २०२३ ला घराचा मालक त्या जागी होता एवढाच काय तो फरक.

आणि एक गोष्ट, जी इथल्या प्रत्येक पोराला माहीत पाहिजे कारण मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या कॅम्पातच आहे. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी, पाचवी मराठा. शिपाई नामदेव जाधव कंपनीचा रनर म्हणजे निरोप्या होता. नदी ओलांडताना मशीनगननं कापाकापी झाली, तेव्हा जखमी साहेबाला आणि दुसऱ्या रनरला त्यानं एकामागून एक पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगपट्ट्यातून पाठीवर वाहून नेलं, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी एकट्यानं उडवली आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयघोष करत मागच्या कंपन्यांना बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपण इथेच थांबतो, छाती फुगते आणि गोष्ट संपते. पण त्या दिवशी हल्ल्याच्या आधी शेकडो जड बॉम्बफेकी विमानांनी आणि तोफांनी समोरचा किनारा तासन्तास भाजून काढला होता, आकाश पूर्ण दोस्त सैन्याचं होतं. नामदेव जाधव नसते तर ती कंपनी अडकली असती हे खरंच, पण विमानं आणि तोफा नसत्या तर दहा नामदेव जाधवांनाही ती नदी पार झाली नसती. २०२३ च्या युक्रेनकडे तसे शिपाई होते. आकाश नव्हतं. एफ-१६ पोचली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये, तीही थोडी. आणि युरोपनं वर्षात दहा लाख तोफगोळे देतो म्हणून मार्च २०२३ ला कबूल केलं ते पुढच्या मार्चपर्यंत पूर्ण झालं नाही.

बंगळूरवासी_टिळकवाडीकर

सगळं वाचलं, मस्त धागा, पण तुम्ही सगळे अजून रणगाडा आणि खंदकातच आहात. माझ्या मते मोठा मुद्दा वेगळाच आहे. २०२३ नंतर ड्रोननी खेळच बदललाय. पुढच्या फळीपासून १५-२० किमीपर्यंत दिवसाढवळ्या एक पिकअप गाडी पण सुखरूप जात नाही, जॅमर लावला तर आता ऑप्टिकल फायबरची वायर सोडत जाणारे ड्रोन आलेत त्यांना जॅमर पण काही करू शकत नाही. मग खारकिवसारखं शंभर गाड्या गोळा करून घुसणं कसं करणार, गोळा करतानाच दिसणार. आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे बरं का, रशिया पण २०२४ पासून मोटारसायकलवर दोन-दोन माणसं पाठवून शेतं ओलांडतोय आणि महिन्याला थोडं थोडं सरकतोय, अव्दीव्का हे एक शहर घ्यायला त्यांना चार महिने लागले.

आणि मला वाटतं पप्याच्या पैजेत एक चूक आहे, जमिनीवरच बघताय. समुद्रावर बघा ना. युक्रेनकडे नौदल म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. तरी एप्रिल २०२२ ला मोस्कवा क्रूझर बुडवली, मग बिनमाणसाच्या बोटी आणि मिसाइलनं असा त्रास दिला की रशियाला आपली चांगली जहाजं क्रिमियातल्या सेवास्तोपोलहून लांब रशियातल्या नोव्होरोस्सिस्कला हलवावी लागली. जुलै २०२३ ला रशिया धान्याच्या करारातून बाहेर पडला तरी युक्रेननं ऑगस्टपासून ओडेसाहून जहाजं परत सुरू केली, किनाऱ्याला चिकटून. २०२२ ला आपल्याकडे सूर्यफूल तेलाचा डबा कुठे गेला होता आठवतं का, आई रोज शिव्या घालायची. ती पण उलटी मुसंडीच आहे की, आणि ती यशस्वी झाली. एक इंच जमीन न घेता.

जमिनीवर पण एकदा जमलं, कुर्स्क. ऑगस्ट २०२४, थेट रशियाच्या हद्दीत घुसले आणि आठवड्यात हजारेक चौरस किमीचा दावा केला. तेव्हा ड्रोन होतेच की. मग सॅपर काका, हे कसं झालं?

सॅपर_कडोली

टिळकवाडीकर, समुद्राचं तू बोललास ते मला मान्य, ते माझ्या डोक्यात नव्हतं. कुर्स्कचं उत्तर मात्र परत तेच आहे. त्या सीमेवर कोण होतं? नवशिकी सक्तीच्या भरतीची पोरं आणि सीमारक्षक. खंदक कागदावर होते, त्यात माणसं नव्हती. जिथं समोरचा झोपलाय तिथं आजही घुसता येतं, ड्रोन असले तरी. अवघड झालंय ते घुसल्यावर पुढं जात राहणं आणि तिथं टिकणं. कुर्स्कमधल्या सुद्झा गावाला जाणारा एकच धड रस्ता होता, रशियानं त्या रस्त्यावर ड्रोन बसवले, उत्तर कोरियाचे सैनिक आणले, आणि मार्च २०२५ ला सुद्झा परत घेतलं. खेरसोनला युक्रेननं जे केलं तेच इथं युक्रेनला झालं, जेवण बंद.

आपल्याकडं १९६५ ला असाच डाव होता. १ सप्टेंबरला पाकिस्ताननं जम्मूकडच्या छांबमध्ये रणगाडे घातले, अखनूर गेलं असतं तर काश्मीरचा रस्ता तुटला असता. तिथंच समोरासमोर धडका मारत बसण्यापेक्षा आपण ६ सप्टेंबरला पंजाबातनं लाहोरच्या दिशेनं बॉर्डर ओलांडली. पाकिस्तानला छांबमधलं बळ काढून पंजाबात आणावं लागलं, अखनूर वाचलं. पुढं आपणही इच्छोगिल कालव्यावर अडकलो, तो कालवा त्यांनी रणगाडे अडवायलाच आधीपासून बांधून ठेवला होता. म्हणजे डाव लागला आणि मग पाणी आडवं आलं. कुर्स्कला मात्र रशियानं डोनबासमधल्या पोक्रोव्स्ककडचा जोर काही काढला नाही, त्याच्याकडं दुसरीकडनं आणायला माणसं होती. डाव तोच असला तरी समोरच्याच्या खिशात किती आहे त्याच्यावर असतं.

आणि मास्तर, तुम्ही सेनिओचं सांगितलं त्याला मी बसंतर जोडतो. १६ डिसेंबर १९७१, शकरगडचा भाग. सॅपर लोक सुरुंगपट्ट्यात वाट करत होते, ती पूर्ण झालेली नव्हती, पलीकडं आपली पायदळाची माणसं अडचणीत, समोर पाकिस्तानी रणगाडे दिसत होते. पूना हॉर्स या आपल्या रणगाड्यांच्या पलटणीनं वाट पूर्ण व्हायची वाट बघितली नाही, तसेच रणगाडे घातले आणि पार झाले. अरुण खेत्रपाल त्याच दिवशी गेले. आम्हाला खडकीला हे शिकवताना उस्ताद सांगायचे की नशीब होतं म्हणून जमलं, तुम्ही नशिबावर जाऊ नका, तुम्ही वाट पूर्ण करा. २०२३ ला युक्रेनचे लोक पण पहिल्या आठवड्यानंतर शहाणे झाले, गाड्या मागं ठेवल्या आणि दहा-दहा जणांच्या तुकड्या शेताच्या बांधावरच्या झाडांच्या रांगांतनं चालत पुढं गेल्या. त्यानं माणसं वाचली खरं दिवसाला शे-दोनशे मीटर. त्या चालीनं हुबळी कधी येणार.

वैदेही, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही बाळा. कारगिलला टेकड्या घेतल्यावर खाली द्रासचे लोक परत येऊन कौलं लावताना आम्ही बघितले, आमच्या लेखी सुटलं म्हणजे ते. तिथं टेकडीवरनं बघून तोफ मारायला सांगणारा कुणी उरला नव्हता म्हणून ते जमलं. खारकिवच्या मागं रशिया आहे, तो कुठं जाणार.

मास्तर_नंदगड

झालुझ्नींनी नोव्हेंबर २०२३ च्या त्या लेखात हेच म्हटलं होतं की पहिल्या महायुद्धासारखी कोंडी झाली आहे, आणि ती फोडायला हवाई बळ, सुरुंग काढायची साधनं, शत्रूच्या तोफा शोधून मारणं, जॅमिंग आणि राखीव माणसं या सगळ्यांत पुढे जावं लागेल. तीन महिन्यांत त्यांची बदली झाली. खरं बोलणाऱ्या मास्तरांची होते तशी. माणसांचा प्रश्न तर सगळ्यात नाजूक, एप्रिल २०२४ ला त्यांनी भरतीचं वय २७ वरून २५ वर आणलं आणि त्यावरून तिकडे घराघरात भांडणं. आपल्याकडे भरतीला रांगा लागतात म्हणून आपल्याला ते कळत नाही.

बंगळूरवासी_टिळकवाडीकर

म्हणजे थोडक्यात नजीकच्या काळात मोठी मुसंडी कठीण, असंच ना काका? नकाशा बघितला तर युक्रेनचा साधारण पाचवा हिस्सा अजून रशियाकडे आहे.

सॅपर_कडोली

समोरासमोर, भिंतीवर, कठीण. मी तिथं कमांडर असतो तर भिंतीकडं बघितलंच नसतं. मागचे पूल, रेल्वे, तेलाचे डेपो, विमानतळ. जून २०२५ ला ट्रकातनं ड्रोन नेऊन पार आतल्या विमानतळांवर विमानं जाळली ती याच डोक्यानं. आणि वाट बघितली असती की समोरचा कुठं पोकळ होतोय. जून २०२३ ला वॅग्नरवाले म्हणजे रशियाचेच भाडोत्री सैनिक बंड करून मॉस्कोकडं निघाले तवा एक दिवस वाटलं होतं की झालं पोकळ. खरं खंदकातली माणसं हलली नाहीत, बंड मागच्या मागंच मिटलं. तशी वेळ परत येईल की नाही हे कडोलीत बसून कोण सांगणार. आली तर त्या आठवड्यात तयार असायला पाहिजे, सात महिन्यांनी नाही.

अनगोळचा_पप्या

काल हे सगळं गाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. अग्निवीर म्हणतो मीच जिंकलो, खारकिव आणि खेरसोन सुटलं की नाही. मेकॅनिक म्हणतो मी जिंकलो, रोबोटिनेला अडकले की नाही. वैदेहीताईंचं वाचल्यावर दोघंही जरा गप्प झाले. मग चहावाले मामा, जे आजपर्यंत एक शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले माझा धाकटा आत्ता सेंटरमध्ये ट्रेनिंगला आहे, त्याला सुरुंगाचं कोण शिकवतं का विचारतो.

कुंदा शेवटी मीच आणला, अर्धा किलो, मामांना पण दिला. सॅपर काका, त्या पोराला सुट्टीत तुमच्याकडं पाठवू का, तेवढं प्रॉडरचं दाखवाल?

सॅपर_कडोली

पाठव. रविवारी, सकाळी नऊच्या आत, ऊन चढायच्या आधी. मागच्या परड्यात जागा आहे, सळी माझ्याकडं आहे.